पडकी बराक करून देणारा मॉडेलवाला

पाचापैकी साडेतीन तारे. चार दिले असते, पण गोलाचा घोटाळा झाला. तो पुढे येईलच.

बडोद्यात अकोट्याच्या बाजूला एका तळमजल्यावर हे वर्कशॉप आहे. लेझर कटिंग, आर्किटेक्ट लोकांची मॉडेलं आणि सीझनला गणपतीचे देखावे. मालक आपलाच, खारीवाव रोडचा मराठी मुलगा, तिशीतला. हाताखाली दोन गुजराती कारागीर. नाव मुद्दाम लिहीत नाही. ऑगस्ट २०२४च्या पुरात त्याचं बरंच गेलंय, त्यावर माझ्या तक्रारी नावानिशी कशाला? ज्याला पत्ता हवा त्याने दांडिया बाजारात आमच्या वाड्यात येऊन विचारावं. चहाही मिळेल.

माझ्याबद्दल इतकंच की मी बत्तीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. आमची ही म्हणते, ह्यांना पोळीसुद्धा कंपासने काढलेली लागते. तेव्हा माझी तक्रार वाचताना तेवढं वजा करून वाचा.

आमच्या वाड्याच्या गणपतीला दरवर्षी देखाव्यावरून भांडण ठरलेलं. गेल्या वर्षी चांद्रयान झालं. यंदा निम्मी पोरं राममंदिर म्हणत होती, पण आजूबाजूच्या चार मंडळांत तेच होणार हे दिसत होतं. मी म्हटलं, आपण बडोदा स्क्वाड्रन करू. सगळे माझ्याकडे बघत राहिले. बडोदा नावाचं लढाऊ विमानांचं पथक होतं हे पोरांना माहीत नव्हतं. पोरांचं सोडा, त्यांच्या आजोबांनाही नव्हतं.

तर ब्रिटिश हवाईदलाचं १२४ नंबरचं स्क्वाड्रन. १९१८ साली निघालं आणि त्याच वर्षी मोडलं. मग दुसऱ्या महायुद्धात, १० मे १९४१ रोजी पुन्हा उभं केलं, ते स्पिटफायर विमानं देऊन, आणि आपल्या संस्थानाच्या देणगीची ओळख म्हणून नाव पडलं बडोदा. सयाजीराव महाराज १९३९च्या फेब्रुवारीत गेले होते, गादीवर प्रतापसिंहराव होते. त्या काळी पाच हजार पौंड दिले की एक स्पिटफायर दिलं असं धरत. खरा खर्च जास्त होता, पण देणगीचा ठरलेला आकडा तोच. स्क्वाड्रनच्या बोधचिन्हावर मुंगूस आहे. इंग्रजीतला ‘मंगूस’ हा शब्द आपल्या मुंगसावरूनच तिकडे गेलेला. म्हणजे नाव बडोद्याचं, जनावर मराठी, आणि मुक्काम कुठे, तर स्कॉटलंडच्या पार उत्तरेला कॅसलटाउन नावाच्या गावाशी. ब्रिटनच्या मुख्य भूमीचं उत्तरेकडचं शेवटचं टोक, डनेट हेड, तिथून जवळ. समुद्रापलीकडे ऑर्कनी बेटं आणि त्या बेटांच्या कुशीत स्कापा फ्लो हा आरमाराचा तळ. ऑक्टोबर १९३९मध्ये जर्मन पाणबुडीने आत घुसून तिथे ‘रॉयल ओक’ ही युद्धनौका बुडवली, आठशेहून जास्त माणसं गेली. त्या तळावर वरून राखण ठेवायला १९४०मध्ये कॅसलटाउनचा विमानतळ सुरू झाला.

आता तिथे शेतं आहेत. माझा भाचा ॲबर्डीनला असतो. त्याला जूनमध्ये पिटाळलं. म्हटलं, मोजपट्टी धरून फोटो काढ. मोजपट्टी न्यायला तो विसरला. मग प्रत्येक भिंतीला पाण्याची बाटली टेकवून त्याने चौदा फोटो काढले. बाटली २६ सेंटीमीटरची. त्या बाटलीवरून मी अख्ख्या बराकीचं माप काढलं, दोन रात्री लागल्या. आयुष्यात इतकी मजा ऑफिसात आली नव्हती.

युद्धकाळात घाईने बांधलेली छावणी कशी असते ते त्या फोटोंत स्वच्छ दिसतं. भिंत अर्ध्या विटेची, म्हणजे साडेचार इंच. आपल्याकडे संडासाची भिंतही याहून जाड घालतात. ती पडू नये म्हणून थोड्याथोड्या अंतरावर बाहेरून विटेचे खांब, आणि वरून सिमेंटचा गिलावा. युद्ध संपेपर्यंत टिकली की झालं, असा एकूण हिशेब. गिलावा खालून सुटलाय, कारण ओल खालून चढते. खिडक्यांच्या लोखंडी चौकटी गंजून फुगल्या आणि त्यांनी कडेच्या विटा फोडल्या. छप्पर गेलंय. कोबा मात्र जसाच्या तसा, आणि मधोमध शेगडी होती तिथे काळा चौकोन. त्या काळ्या चौकोनावर एक मेंढी बसली आहे. हा फोटो मी फ्रेम करणार आहे.

हे सगळं घेऊन जुलैत वर्कशॉपला गेलो. मुलाने फोटो बघितले, माझं ड्रॉइंग बघितलं, आणि म्हणाला, “काका, पैसे देऊन पडकं कोण करून घेतं? आपण नवीनच बनवू ना. चकाचक. आत लाइटिंग देतो.”

मी म्हटलं, “अरे, चकाचक छावणी सिनेमात बघायला मिळते. मला आज उभी आहे तशी दे.”

“पण पब्लिक म्हणेल, कारागिराने काम अर्धवट सोडलं.”

त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. शेवटी तडजोड झाली. चार बाय सहा फुटांचा प्लाय, माप एकास बहात्तर. डाव्या अंगाला आजची पडकी छावणी, उजव्या अंगाला १९४१चा तळ, त्यावर दोन स्पिटफायर, मागे उंच चौरंगावर बाप्पा. एकास बहात्तरमध्ये स्पिटफायरचे पंख साधारण साडेपंधरा सेंटीमीटर भरतात, तेव्हा पोरांनाही बघायला काहीतरी राहतं. अठरा हजार पाचशे ठरले, आठ हजार ॲडव्हान्स. गौरी-गणपतीच्या दिवसांतला भाव धरला तर महाग नाही.

पहिला नमुना बघायला बोलावलं तेव्हा भिंती पाच एमएमच्या सनबोर्डच्या. मी त्याला कॅलक्युलेटर दाखवला. पाच गुणिले बहात्तर, ३६ सेंटीमीटर. “ही बराक नाही, हा पावागडचा बुरूज आहे.” तो हसला, आणि पुढच्या वेळी दोन एमएमचा एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड, कापून ठेवला होता. अजून किंचित जाड, पण चालण्यासारखा. वाद न घालता बदललं, याचे पूर्ण गुण.

त्याच्या हातात काय आहे ते कळलं निसेन हटच्या वेळी. निसेन नावाच्या लष्करी इंजिनिअरने १९१६ साली काढलेलं हे घर, अर्धगोल, पन्हाळी पत्र्याचं, आडवं ठेवलेल्या पिंपाचा वरचा अर्धा भाग म्हणा. प्रश्न पत्र्याच्या पन्हळीचा. कारागिराने खोक्याचा पुठ्ठा सोलून लावला होता. त्याची एक लाट आठ एमएमची, म्हणजे खऱ्या मापात पावणेदोन फुटांच्या वर. तसा पत्रा जगात कुठे नसेल. मी नाक मुरडलं. मुलगा दोन मिनिटं गप्प बसला. मग उठून त्याने ड्रॉवरमधून सहा एमएमचा आटे पाडलेला रॉड काढला. त्या रॉडच्या दोन आट्यांमधलं अंतर बरोबर एक एमएम असतं. फरसाणवाल्याकडचा फॉइलचा डबा कापून सपाट केला, खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवला, आणि रॉड लाटण्यासारखा दाबून फिरवला. फॉइलवर एक-एक एमएमच्या सरळ रेघा उठल्या. तोच तुकडा त्याने पाइपच्या तुकड्यावर वाकवला आणि माझ्यासमोर ठेवला. हुबेहूब. गंजासाठी खाली विटकरी पोस्टर कलर आणि चहाची पावडर. मी काही बोललो नाही, खिशातून पेन काढून ड्रॉइंगवर त्या खुणेपुढे ‘ओके’ लिहिलं. ऑफिसात हा मान मी फार कमी लोकांना दिला.

कुंपणाचंही असंच. कॅसलटाउनच्या भागात चपटा, थराथराने सुटणारा दगड निघतो. पूर्वी तो फरसबंदीसाठी जहाजांनी जगभर जायचा. तिथले शेतकरी त्याच्याच उभ्या फरश्या ओळीने पुरून शेताला कुंपण करतात. आपल्याकडची शहाबादी उभी पुरावी तसं. कारागीर म्हणाला, “थई जशे, काका,” आणि टाइल्सवाल्याकडून कोटा स्टोनच्या कपच्या घेऊन आला. हा खर्च बिलात कुठेच नाही.

आता गोल. स्पिटफायर मुंबईहून किट मागवून जोडले होते, जोडणी सफाईदार. १९४१च्या उन्हाळ्यातल्या विमानावर धडाच्या दोन्ही बाजूंना लाल, पांढरा, निळा आणि बाहेरून पिवळा असा गोल असतो. पंखांच्या वरच्या बाजूला फक्त लाल आणि निळा. हे मी ड्रॉइंगवर लिहिलेलं होतं. मी वर्कशॉपला पोचलो तर दोन्ही विमानांवर आत हिरवा, मग पांढरा, बाहेर केशरी. आपल्या वायुदलाचा गोल! “काका, इंडियाचं नाव आहे ना, म्हणून.” आणि स्क्वाड्रनची ओळख म्हणून ‘ओ’ आणि ‘एन’ ही इंग्रजी अक्षरं बाजूला असायला हवीत, ती लावलीच नव्हती. का, तर त्याला वाटलं मी कुठल्यातरी स्विचची खूण केली आहे, लाइट ऑन करायची. यावर मी चिडलो, हे कबूल करतो. आवाजही चढला. अर्धा तारा इथे गेला. ड्रॉइंग वाचायचं असतं, अंदाजाने भरायचं नसतं. पुन्हा रंगवून दिलं, पण पिवळा जाड आलाय आणि जवळून बघितलं तर खालचा केशरी डोकावतो. मला रोज दहा दिवस तेवढंच दिसत होतं.

इथवर सगळं बरं चाललं होतं. मग २६ ऑगस्ट उजाडला, जन्माष्टमीचा दिवस. बडोद्यातल्या माणसाला त्यापुढचं सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो, पाऊस थांबेना आणि विश्वामित्री नदी शहरात आली. अकोटा, समा, सयाजीगंज, जिथे बघावं तिथे पाणी. मगरी सोसायट्यांच्या फाटकापाशी. आमच्या वाड्यात पाणी शिरलं नाही, पण लाइट नव्हते आणि फोन मेलेले. मुलाचा फोन तीन दिवसांनी लागला. म्हणाला, “काका, मशीन वाचवलं. बाकी तुमचं सगळं खाली होतं.”

चतुर्थी ७ सप्टेंबरला. मी रिक्षा करून गेलो. भिंतीवर मांडीपर्यंत चिखलाची रेघ. प्लाय फुगून पोट आल्यासारखा. एका टबात आमची छावणी ठेवलेली. चारपैकी तीन बराकींचा लगदा झाला होता, हात लावला तर बोटाला लागत होता. मी खरं तर ॲडव्हान्सचं बोलायला गेलो होतो. त्या रेघेकडे बघून विषय काढवला नाही.

चौथी बराक मात्र रॅकच्या मधल्या फळीवर राहिलेली. तिला पाणी खालूनच लागलं होतं. एमडीएफ तळाशी फुगून थरांनी सुटलेला, त्यावरचा गिलाव्याचा रंग खपल्या होऊन निघालेला, वरचा अर्धा भाग कोरडा आणि शाबूत. खिडकीच्या तारेच्या चौकटी खरोखर गंजल्या होत्या. मी खिशातून भाच्याचा फोटो काढून शेजारी धरला. मुलाने बघितलं, मी बघितलं. तिकडच्या भिंतीला ओल खालून चढायला ऐंशी वर्षं लागली, इकडे विश्वामित्रीने तीन दिवसांत काम करून दिलं.

“ही अशीच ठेवू,” मी म्हटलं.

“वास येतो, काका.”

“येऊ दे. उदबत्ती असतेच.”

बाकीच्या तीन त्याने सहा दिवसांत नव्याने केल्या, आणि आता त्याला कळलं होतं की पडकं म्हणजे काय. आधी तो ब्लेडने कुठेही ओरखडे काढायचा. या वेळी बराकी आधी नीट उभ्या केल्या, मग खालचा भाग पाण्यात बुडवून सुकवला, मग खिडकीच्या कोपऱ्यातून चीर दिली. कारागीर म्हणत होता, साहेब, पहिल्यांदा ग्राहकाच्या समोर माल खराब करतोय. तरी तीन नव्यांत ती पुरातली ओळखू येतेच. मेंढ्या कापसाच्या, त्या आमच्या हिने केल्या. शेगडीच्या काळ्या चौकोनावरची एक मी स्वतः चिकटवली.

माल पोचला चतुर्थीच्या आदल्या रात्री सव्वाअकराला, टेम्पोतून. कबूल केलं होतं संध्याकाळी सहाला. पूर सोडला तरी उशीर तो उशीर. वाटेत एका स्पिटफायरचा पंखा तुटला, तो त्याने आमच्या ओट्यावर बसून टॉर्चच्या उजेडात चिकटवला. बिल हाताने लिहिलेलं, पक्कं बिल मागितल्यावर आठवड्याने मिळालं. पुराच्या नुकसानीचा एक रुपया वाढवला नाही. मी पाचशे वर देऊ केले, घेत नव्हता, कारागिरांच्या हातात दिले.

माहितीचा बोर्ड मी स्वतः लिहिला होता, छपाई त्याच्याकडची. अक्षरं स्वच्छ, जोडाक्षरं एकही फुटलेलं नाही. मराठी छपाईत ही गोष्ट आता मिळत नाही, म्हणून मुद्दाम नोंदवतो. बोर्डावरून मात्र वाड्यात रामायण झालं. स्क्वाड्रन नोव्हेंबर १९४१मध्ये कॅसलटाउनहून लंडनजवळच्या बिगिन हिलला गेलं. १२ फेब्रुवारी १९४२ला जर्मनांच्या मोठ्या युद्धनौका भरदिवसा इंग्लिश खाडीतून निसटून चालल्या होत्या. त्यांच्यावर सहा जुनाट स्वॉर्डफिश विमानं सोडली, त्यांना राखण द्यायला जी स्क्वाड्रनं ठरली त्यांत आपलं बडोदाही होतं. हुकूम ऐनवेळी निघाला, आणि बडोदा ठरल्या वेळी भेटीच्या जागी पोचलं नाही. वेळेवर आलं ते एकच, ७२ नंबरचं. साही स्वॉर्डफिश पडली, अठरा माणसांतली पाच वाचली.

हे मी बोर्डावर लिहिलं. पोरं म्हणाली, काका, गणपतीत हे कशाला? आपल्या नावाचं स्क्वाड्रन उशिरा पोचलं असं लिहायचं? त्यापेक्षा त्यांनी १९४५मध्ये हॉलंडमधल्या जर्मनांच्या व्ही-टू रॉकेटच्या जागांवर हल्ले केले तेवढं लिहा. मी म्हटलं, तेही लिहिलंय, खालच्या ओळीत वाचा. शेजारच्या आजी मध्येच बोलल्या, “बडोद्याचं म्हटल्यावर वेळेवर कसं पोचेल? आपल्याकडे सातच्या आरतीला साडेसातला जमतात.” यावर सगळे हसले आणि ती ओळ बोर्डावर राहिली.

लोकांचं म्हणाल तर विमानांपुढे सेल्फी, बराकींपुढे शुकशुकाट. अपेक्षित होतं. पण एक आजोबा, काठी टेकत आलेले, भिजलेल्या बराकीपुढे बराच वेळ वाकून बघत होते. मला म्हणाले, पूर ओसरल्यावर आमची मागची खोली अशीच दिसते. कॅसलटाउन त्यांनी वाचलंच नव्हतं.

विसर्जनानंतर विमानं पोरांनी वाटून घेतली. निसेन हट मुलाने नमुना म्हणून परत मागितली, दिली. त्याच्या काउंटरवर ठेवली आहे, जाल तेव्हा बघा. भिजलेली बराक आमच्याकडे, टीव्हीच्या खालच्या खणात. दमट हवा असली की अजून वास मारते आणि ही रोज एकदा तिच्या भविष्याबद्दल विचारते.

तुम्हाला त्याच्याकडे काम द्यायचं असेल तर जूनमध्ये द्या, नंतर त्याला श्वास घ्यायला वेळ नसतो. माप एमएममध्ये लिहून द्या, इंच म्हटलं की गोंधळतो. रंग नुसते लिहू नका, रंगवलेला कागद जोडा. आणि ‘ओ’ आणि ‘एन’ लिहायची वेळ आली तर शेजारी लिहा, हे बटण नाही.